एलएसयूचा पास डिफेन्स का फुटतोय? दोष पोरांचा की मॅन कव्हरेजच्या हट्टाचा?

ह्यूस्टनकर | १५ ऑक्टोबर २०२०

फ्लोरिडाविरुद्धचा शनिवारचा सामना पुढे ढकलला गेला. त्यांच्या टीममध्ये करोनाचे रुग्ण वाढलेत. एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमला, त्यामुळे न मागता मोकळा आठवडा मिळाला आहे. या आठवड्यात पास डिफेन्सचं (समोरच्याने फेकलेले चेंडू अडवण्याचं) काही केलं नाही, तर उरलेला हंगामही हातातून जाईल असं मला मनापासून वाटतं.

तीन सामने, दोन पराभव. २६ सप्टेंबरला, आपल्याच टायगर स्टेडियममध्ये, मिसिसिपी स्टेटचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) के. जे. कॉस्टेलोने आपल्याविरुद्ध ६२३ यार्ड पास केले. एसईसीच्या (आपण खेळतो त्या परिषदेच्या) इतिहासात एका सामन्यात इतके यार्ड कुणीच फेकले नव्हते. आधीचा विक्रम जॉर्जियाच्या एरिक झायरचा, १९९३ चा, ५४४ यार्डांचा. परवा १० तारखेला मिझूरीच्या कॉनर बेझलॅकने ३४ पैकी २९ पास पूर्ण केले. ४०६ यार्ड, ४ टचडाऊन. मध्ये व्हँडरबिल्टला ४१-७ हरवलं, पण व्हँडरबिल्टचा पासिंगचा खेळ बघता त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणि हे कुठे घडतंय? पॅट्रिक पीटरसन, मॉरिस क्लेबोर्न, टायरन मॅथ्यू, एरिक रीड, जमाल ॲडम्स, ट्रेडेव्हियस व्हाइट ज्या कॉलेजातून आले तिथे. गेल्याच वर्षी ग्रँट डेल्पिटला देशातल्या सर्वोत्तम डिफेन्सिव्ह बॅकचा (मागच्या फळीतल्या बचावपटूचा) थॉर्प पुरस्कार मिळाला तिथे. जानेवारीत क्लेमसनला ४२-२५ हरवून १५-० ने राष्ट्रीय विजेतेपद घेतलेल्या टीमची ही अवस्था बघवत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे: चूक मांडणीत आहे. आपले बचावाचे कोऑर्डिनेटर डेव्ह अरांडा बेलर विद्यापीठाला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले आणि त्यांच्या जागी बो पेलिनी आले. अरांडांचा ३-४ (पुढच्या ओळीत तीन, त्यांच्यामागे चार लाइनबॅकर) जाऊन ४-३ आला. ते एक वेळ चालेल. पण त्यासोबत मॅन कव्हरेजचा हट्टही आला.

जे अमेरिकन फुटबॉल नुकतंच बघू लागलेत त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅन कव्हरेजमध्ये प्रत्येक बचावपटूला एक रिसीव्हर नेमून दिलेला असतो, तो जाईल तिकडे त्याच्यामागे जायचं. झोनमध्ये मैदानाचा तुकडा वाटून दिलेला असतो. त्या तुकड्यात जो येईल तो तुमचा, आणि डोळे क्वार्टरबॅककडे. मिसिसिपी स्टेटचे प्रशिक्षक माइक लीच यांचा 'एअर रेड' हा खेळच मॅन कव्हरेज फोडण्यासाठी बांधलेला आहे. त्यातला 'मेश' बघा: दोन रिसीव्हर लाइनच्या जरासं पुढे, एकमेकांना खांदा घासेल इतक्या जवळून, विरुद्ध दिशांना पळतात. त्यांच्यामागे लागलेले दोघे बचावपटू एकमेकांवर आदळतात, नाहीतर टाळण्यासाठी वळसा घेतात. तेवढ्यात चेंडू सुटलेला असतो आणि रिसीव्हरपुढे मोकळं रान असतं. लीच हेच टेक्सस टेकला करत होते, वॉशिंग्टन स्टेटला करत होते. त्यांनी कुणापासून लपवून ठेवलेलं नाही.

हे थांबवायचं कसं, हेही सगळ्यांना माहीत आहे. सिॲटलच्या वॉशिंग्टनने ख्रिस पीटरसन यांच्या हाताखाली २०१४ ते २०१९ दर वर्षी लीचना हरवलं. आपल्या पराभवानंतर एका आठवड्याने आर्कन्सॉने काय केलं? पुढे तीनच माणसं ठेवली, आठ जण मागे झोनमध्ये उभे केले. त्याच कॉस्टेलोने तीन इंटरसेप्शन दिले (पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात) आणि आर्कन्सॉने २१-१४ ने सामना घेतला, २० सामन्यांची एसईसीमधली पराभवांची साखळी तोडून. पुढच्या आठवड्यात केंटकीने मिसिसिपी स्टेटला २४-२ हरवलं, सहा इंटरसेप्शन काढले. टीम तीच, क्वार्टरबॅक तोच. आपल्यासमोर मात्र त्याने ६२३ केले, कारण आपण दुपारभर बदललोच नाही.

तुमचं काय मत?


तिसरा_डाऊन | १५ ऑक्टोबर

पूर्ण असहमत. धागा वाचून असं वाटतं की गेल्या वर्षीचीच टीम यंदा मैदानात उतरली आणि फक्त एक प्रशिक्षक बदलला.

एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीमांच्या खेळाडू-निवडीत) एलएसयूचे १४ खेळाडू गेले. सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये एका कॉलेजचे इतके खेळाडू याआधी फक्त ओहायो स्टेटचे गेले होते, २००४ मध्ये. त्या चौदांतले सहा बचावातले: शेसन, क्वीन, डेल्पिट, फुल्टन, फिलिप्स, लॉरेन्स. म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा कणा गेला. मग करोनामुळे टायलर शेल्विन आणि केरी व्हिन्सेंटने हंगामच सोडला. कॉस्टेलोच्या सामन्याच्या आदल्या रात्री डेरेक स्टिंगली आजारी पडून दवाखान्यात गेला. २०१९ मध्ये पहिल्याच वर्षी सहा इंटरसेप्शन काढणारा कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) ऐनवेळी नाही, तर तुम्ही काय मांडणी करणार?

मार्चमध्ये वसंतातला सराव बंद पडला. एरवी सप्टेंबरमध्ये दोनतीन दुबळ्या टीमांशी खेळून चुका काढून टाकता येतात. यंदा दहाच्या दहा सामने एसईसीतलेच. नव्या कोऑर्डिनेटरला याहून वाईट वर्ष मिळणं शक्य नव्हतं.

आणि अरांडांचं इतकं कौतुक चाललंय म्हणून आठवण करून देतो. २०१९ मध्ये टेक्ससच्या सॅम एलिंजरने त्यांच्याविरुद्ध ४०१ यार्ड फेकले. अलाबामाच्या टुआने ४१८. आपण ते सामने ४५-३८ आणि ४६-४१ जिंकलो, कारण समोर जो बरो होता. ६० टचडाऊन पास टाकणारा माणूस असला की बचावातली भोकं दिसत नाहीत. यंदा तो नाही, म्हणून दिसताहेत.


सदाफुली | १६ ऑक्टोबर

मी पुण्यात मुलींना कबड्डी शिकवते आणि मुलामुळे कॉलेज फुटबॉलची गोडी लागली. मिझूरीचा सामना आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला सुरू झाला म्हणून पूर्ण बघता आला. डेल्टा वादळामुळे तो बॅटन रूजहून मिझूरीतल्या कोलंबियाला हलवला होता ना, त्यामुळे वेळही बदलली.

ह्यूस्टनकर, झोन हा सोपा उपाय आहे असं तुमच्या लिहिण्यातून वाटतं, ते मला पटत नाही. कबड्डीत साखळी बांधतो तेव्हा प्रत्येकीला आपली जागा सांभाळून शेजारणीचा अंदाज घ्यावा लागतो. एक जण अर्धं पाऊल लवकर पुढे गेली की चढाई करणारी मधून निसटते. हा अंदाज यायला महिनेमहिने एकत्र सराव लागतो. एकीला एक नेमून दिली तर निदान कुणाचं काय चुकलं ते कळतं. झोनमध्ये तर बोलणं, खुणा, विश्वास हे सगळं आधी असावं लागतं. सराव झाला नाही म्हणून पेलिनींनी मॅन निवडलं असेल, तर मला त्यात हट्ट दिसत नाही.


ह्यूस्टनकर | १६ ऑक्टोबर

सदाफुली, मुद्दा मोलाचा आहे. पण आर्कन्सॉकडे बघा. सॅम पिटमन तिथे डिसेंबरात आले. बचावाचे कोऑर्डिनेटर बॅरी ओडम नवे. वसंतातला सराव त्यांचाही बुडाला. खेळाडू आपल्यापेक्षा कितीतरी कमी नावाजलेले. त्यांनी आठ जणांचा झोन बसवला आणि तो सामन्यात चालला. जे त्यांना जमलं ते आपल्याला जमणार नाही असं म्हणायला मी तयार नाही.

तिसरा_डाऊन, ड्राफ्टचा मुद्दा मी मान्य करतो, पण तो अर्ध्याच गोष्टीला लागू पडतो. कमी ताकदीचा कॉर्नरबॅक हरतो, पण रिसीव्हरच्या शेजारी हरतो. हात पोचत नाही, उडी कमी पडते, टॅकल सुटतो. मिझूरीविरुद्ध आपण काय पाहिलं? रिसीव्हर एकटाच पळतोय आणि आसपास कुणी नाही. दोघे बचावपटू एकमेकांकडे हात करून विचारताहेत की हा कुणाचा. स्टिंगली त्या दिवशी मैदानात होता. मिझूरीचेच काही नेहमीचे रिसीव्हर बाहेर होते. क्वीन किंवा डेल्पिट नाहीत म्हणून रिसीव्हर मोकळा सुटत नाही. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी कव्हरेजचा निरोप सगळ्यांपर्यंत पोचला नाही म्हणून सुटतो.

अलाबामाच्या त्या सामन्याबद्दलही. अर्ध्या वेळेला ३३-१३ होतं. टुआचे बरेच यार्ड पिछाडी भरून काढताना आले. अरांडांचा बचाव यार्ड देत होता हे खरं, पण तो प्रतिस्पर्धी बघून वेष बदलायचा. स्नॅपपूर्वी एक दाखवायचा, नंतर दुसरंच खेळायचा. क्वार्टरबॅकला विचार करायला लावायचा. कॉस्टेलोला त्या दुपारी विचार करावाच लागला नाही.


मधला_लाइनबॅकर | १६ ऑक्टोबर

सगळे कॉर्नर आणि सेफ्टीबद्दल (सर्वांत मागच्या बचावपटूंबद्दल) बोलताहेत. कॉस्टेलोच्या सामन्यात कायलिन हिलने आठ झेलांत १५८ यार्ड काढले. हिल हा रिसीव्हर नाही, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) आहे. बॅकफिल्डमधून (क्वार्टरबॅकच्या शेजारून) बाहेर पडणाऱ्या रनिंग बॅकवर मॅन कव्हरेजमध्ये कोण असतो? लाइनबॅकर. शंभर किलोंच्या पुढचा भारी गडी, मोकळ्या मैदानात, देशातल्या सर्वांत चपळ रनिंग बॅकपैकी एकाच्या मागे. तिथे खरी गळती आहे.

गेल्या वर्षी पॅट्रिक क्वीन ते करू शकायचा, म्हणून तर तो पहिल्या फेरीत गेला. यंदा जब्रिल कॉक्स हा एकटा तसा आहे, नॉर्थ डकोटा स्टेटहून आलेला. त्या सामन्यात त्याने इंटरसेप्शन घेऊन टचडाऊनही केला. पण तो एकाच वेळी तीन ठिकाणी असू शकत नाही. ४-३ मध्ये तीन लाइनबॅकर मैदानात ठेवून पाच जण पासला निघणाऱ्या टीमसमोर मॅन खेळायचं, हे गणितच बसत नाही. पाचवा डिफेन्सिव्ह बॅक आणा, नाहीतर झोनमध्ये जा. दोन्ही नको म्हणणं मला अनाकलनीय आहे.


बायूवाला | १७ ऑक्टोबर

बॅटन रूजमध्येच शिकतो, कॅम्पसवर राहतो. दोन गोष्टी.

पहिली: पास डिफेन्स म्हणजे फक्त मागची माणसं नव्हेत. मिसिसिपी स्टेटविरुद्ध बी. जे. ओजुलारीने पहिल्याच सामन्यात दोन सॅक घेतले (पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं), दडपण होतं, तरी यार्ड गेले. कारण एअर रेडमध्ये चेंडू दोन-अडीच सेकंदांत सुटतो. मिझूरीविरुद्ध मात्र बेझलॅक निवांत उभा होता. ३४ पैकी २९ पास पूर्ण होतात तेव्हा क्वार्टरबॅकला कुणी हात लावत नाहीये असा त्याचा अर्थ होतो. चार जणांनी दडपण येत नसेल तर मागे कुठलंही कव्हरेज खेळा, चार-पाच सेकंद कुणीच टिकत नाही.

दुसरी गोष्ट लिहायला वाईट वाटतं. सामना संपल्यापासून समाजमाध्यमांवर या पोरांना जे बोललं जातंय ते घृणास्पद आहे. टॉड हॅरिस, जेकोबी स्टीव्हन्स यांच्या खात्यांवर जाऊन शिव्या देणारी माणसं वयाने त्यांच्या दुप्पट आहेत. ही एकोणीस-वीस-एकवीस वर्षांची मुलं आहेत. त्यांना पगार नाही. पेलिनींचा करार तीन वर्षांचा, वर्षाला २३ लाख डॉलरचा असल्याच्या बातम्या आहेत. उत्तर मागायचं तर कुणाकडे मागायचं हे यावरून ठरवा. या धाग्यावर तरी खेळाडूंवर वैयक्तिक लिहू नका अशी हात जोडून विनंती.


तिसरा_डाऊन | १७ ऑक्टोबर

बायूवाला, दुसऱ्या मुद्द्यावर शंभर टक्के सोबत.

पण मिझूरीच्या सामन्यातली एक बाब सगळे विसरताहेत. आपलं आक्रमण थर्ड डाऊनला (चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) दहापैकी शून्य होतं. शून्य. मायल्स ब्रेननने ४३० यार्ड फेकले, टेरेस मार्शलने एकट्याने २३५ यार्ड घेतले, तरी थर्ड डाऊन एकही पार नाही. शेवटी एक यार्डावर चेंडू असताना चार प्रयत्नांत गोल लाइन ओलांडता आली नाही. ती ओलांडली असती तर आज हा धागाच निघाला नसता. ४१ गुण करूनही हरलो याचं खापर फक्त पेलिनींवर फोडणं सोयीचं आहे.

आणि पेलिनींना खेळ कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी २००७ आठवा. ओहायो स्टेटला ३८-२४ हरवून आपण राष्ट्रीय विजेते झालो तेव्हा बचाव याच माणसाचा होता. पुढे नेब्रास्कात २००९ चा त्यांचा बचाव, सू आणि अमुकामाराचा, देशातल्या सर्वोत्तम बचावांपैकी होता. हे सगळं तो माणूस आठ महिन्यांत विसरला काय?


ह्यूस्टनकर | १८ ऑक्टोबर

विसरलेले नाहीत. खेळ पुढे गेला. २००७ मध्ये समोर ग्लेन डॉर्सी होता, २००९ मध्ये सू. असा एक राक्षस मध्ये असला की क्वार्टरबॅकला तीन सेकंद मिळत नाहीत आणि मागच्यांचं काम निम्मं होतं. शिवाय तेव्हा एसईसीमधल्या बहुतेक टीमा धावून खेळायच्या. तेरा वर्षांत सगळी परिषद पसरून, वेगाने, चार-पाच रिसीव्हर घेऊन खेळायला लागली. मधली पाच वर्षं पेलिनी यंग्सटाउन स्टेटला, म्हणजे खालच्या विभागात होते. तिथून थेट लीचसमोर.

थर्ड डाऊनचा राग मलाही आहे. पण ४५ गुण देणाऱ्या बचावाची चर्चा आक्रमणाकडे वळवून संपत नाही.

मला काय हवं आहे ते स्पष्ट लिहितो. स्टिंगलीला एका बाजूला एकटं सोडा, त्याला मॅन खेळू द्या. तो देशातला सर्वोत्तम आहे. उरलेल्या मैदानात झोन. पहिल्या वर्षाच्या एलायस रिक्सला खोल मदत द्या, कारण त्याचे हात चांगले आहेत आणि क्वार्टरबॅककडे बघत खेळला तर तो चेंडू पळवेल. आणि हाका कमी करा. दहा कव्हरेज अर्धवट येण्यापेक्षा तीन पक्की यावीत.


क्रिमझन_चाहती | १९ ऑक्टोबर

अलाबामाची आहे, राग मानू नका. आमच्याकडेही १० तारखेलाच ओल मिसने (मिसिसिपी विद्यापीठाने) ४८ गुण केले. आम्ही ६३ केले म्हणून जिंकलो. सेबनसारखा प्रशिक्षक असून हे घडलं. यंदा सगळीकडेच बचाव ढिले आहेत, सराव नाही, टॅकलिंग नाही. एलएसयूचं वेगळं काही बिघडलंय की सगळ्या खेळाचंच हे वर्ष असं आहे, हे डिसेंबरशिवाय कळणार नाही.


बायूवाला | १३ डिसेंबर

धागा वर काढतोय. काल गेन्सव्हिलला धुक्यात फ्लोरिडाला हरवलं, ३७-३४! केड यॉर्कची ५७ यार्डांची किक मी आयुष्यभर विसरणार नाही. त्यांच्या काइल ट्रास्कने ४७४ यार्ड केले हे खरं, पण रिक्सने त्याचा पास पळवून थेट टचडाऊन केला, आपला क्वार्टरबॅक मॅक्स जॉन्सन पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता आणि या पोरांनी देशातल्या पहिल्या दहांतल्या टीमला तिच्या घरात हरवलं. बोलला (हंगामानंतरच्या खास सामन्याला) जाणार नाही हे विद्यापीठाने आधीच जाहीर केलंय, म्हणजे यांच्यापुढे मिळवण्यासारखं काही नव्हतं. तरी ती अशी खेळली.


तिसरा_डाऊन | १३ डिसेंबर

आणि २८ नोव्हेंबर कुणीच का आठवत नाही? टेक्सस ए अँड एमच्या केलन मॉन्डने ३४ पैकी ११ पास पूर्ण केले, १०५ यार्ड. हाच बचाव, हेच पेलिनी, हीच पोरं. म्हणजे हळूहळू एकत्र येत होते. वेळ द्यायला हवा होता असं मी ऑक्टोबरमध्ये म्हणत होतो, आजही म्हणतो.


मधला_लाइनबॅकर | १४ डिसेंबर

त्या रात्री पाऊस होता आणि त्यांचेही झेल सुटत होते, पण ठीक, श्रेय देतो.

मग पुढच्याच शनिवारचं काय? अलाबामा ५५-१७. डेव्होंटा स्मिथ आठ झेल, २३१ यार्ड, तीन टचडाऊन. तो देशातला सर्वोत्तम रिसीव्हर आहे हे सामन्याआधी लहान मुलालाही माहीत होतं. त्याच्यावर दुहेरी पहारा का नव्हता? एका माणसाला एका माणसावर सोडायचं आणि तो हरला की त्याच्याकडे बोट दाखवायचं, हा प्रकार २६ सप्टेंबरला होता तसाच ५ डिसेंबरला होता.


ह्यूस्टनकर | २३ डिसेंबर

हंगाम संपला. शेवटच्या दिवशी ओल मिसला ५३-४८ हरवलं आणि ५-५ वर थांबलो. मॅट कॉरलचे पाच पास आपल्या पोरांनी पळवले. पाच! आणि तरी ४८ गुण गेले. हात चांगले आहेत, वेग आहे, चेंडूवर नजर आहे. चेंडू पळवण्याची ही ताकद आणि मोकळे सुटणारे रिसीव्हर एकाच टीममध्ये, एकाच दुपारी दिसतात, तेव्हा प्रश्न गुणवत्तेचा राहत नाही.

अंतिम आकडा: सामन्यामागे ३२३ पासिंग यार्ड. यंदा खेळलेल्या १२७ टीमांमध्ये १२७ वा क्रमांक. क्रिमझन_चाहती, तुम्ही म्हणाला होतात डिसेंबरमध्ये कळेल. करोना सगळ्यांना होता, सराव सगळ्यांचा बुडाला, दहा परिषदेतले सामने एसईसीतल्या प्रत्येक टीमच्या वाट्याला होते. शेवटचा क्रमांक फक्त आपला आला.

पेलिनी जात आहेत. करार मोडण्याचे सुमारे ४० लाख डॉलर द्यावे लागणार अशा बातम्या आहेत. मला त्या माणसाबद्दल राग नाही, आणि गेल्याचा आनंदही नाही. पण त्यांना आणलं ओर्जेरॉन यांनी. कुणाला आणताना आपण कसला बचाव आणतोय, तो आपल्या पोरांना बसेल का, हे विचारायचं काम मुख्य प्रशिक्षकाचं होतं. पुढची निवडही तेच करणार आहेत, आणि मला खरी काळजी त्याची वाटते.


तिसरा_डाऊन | २३ डिसेंबर

एका करोनाच्या वर्षावरून माणूस काढला. नव्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या पोरांचा तीन वर्षांतला तिसरा कोऑर्डिनेटर होईल, तिसरी भाषा, तिसऱ्या खुणा. रिसीव्हर मोकळे सुटतात ते निरोप न पोचल्यामुळे, असं तुम्हीच लिहिलं होतं. मग दर वर्षी निरोप देणारा बदलून ते सुधारणार कसं? मला हे पटलेलं नाही आणि पटणार नाही.


सदाफुली | २४ डिसेंबर

तिसरा_डाऊन यांच्याशी सहमत. आणि ह्यूस्टनकर, तुमच्या झोनसाठी मागे उभं राहून सगळ्यांना हाका देणारी माणसं लागतील. स्टीव्हन्स शेवटच्या वर्षात होता, तो जाणारच. व्हिन्सेंट परत येईल असं दिसत नाही. पुढच्या वर्षी स्टिंगली आणि रिक्स बाजूंना आहेत, ते सोडा. मधे सेफ्टीच्या जागी कोण खेळणार, आणि त्याला शिकवायला वसंतातला सराव तरी पूर्ण मिळणार का?


ह्यूस्टनकर | २४ डिसेंबर

जे वॉर्डला सेफ्टीला आणून बघावं असं मला वाटतं. लांब आहे, आर्कन्सॉविरुद्ध शेवटची फील्ड गोल त्यानेच अडवली होती. कॉर्डेल फ्लॉट आत, पाचवा डिफेन्सिव्ह बॅक म्हणून. वसंतातला सराव मिळेल की नाही ते करोनावर आहे. मिळाला तर पहिल्या दिवसापासून या तिघाचौघांना एकत्रच उभं करा, दुसऱ्या कुणासोबत नको.